गोष्टीचं शेवटचं पान

निफाड तालुक्यातल्या शिक्षक बंधू-भगिनींशी आज श्रेयाविषयी बोलायचं आहे.

वर्गात गोष्टींची पुस्तकं कमी पडली की आपण ‘स्टोरीवीव्हर’ उघडतो. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी फुकट उतरवून घ्या, छापा, हवं तर बदला. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने ही मोकळीक दिली आहे. मागणं मुख्यतः एकच, ज्याचं श्रेय त्याला द्या.

लेखक, चित्रकार, अनुवादक, परवाना, हे सगळं गोष्टीच्या शेवटच्या पानावर असतं. झेरॉक्स काढताना कागद वाचवायला नेमकं तेच पान गळतं. मग ती पीडीएफ ग्रुपवर फिरते, कुणीतरी वर शाळेचं नाव टाकतं, आणि ज्याने ती गोष्ट आपल्या पोरांसाठी मराठीत आणली, त्या अनुवादकाचा मागमूसही उरत नाही. मला हे फार लागतं. आपल्याकडे त्याने एक पैसा मागितलेला नाही.

कागद वाचवायचाच तर पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी लिहा: गोष्टीचं नाव, लेखक, चित्रकार, अनुवादक, कुठून घेतली, परवाना कोणता. गोष्टीतले आंबे काढून तुम्ही द्राक्षं घातली असतील, तर तेही सांगा. नाहीतर तुमचा बदल मूळ लेखकाच्या नावावर खपतो.

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांवर स्वाध्याय करताना विकिमीडिया कॉमन्सवरचा फोटो घेतलात, तर छायाचित्रकाराचं नाव फोटोखालीच द्या. ‘गूगलवरून साभार’ हे श्रेय नव्हे, गूगलने तो फोटो काढलेला नाही.

श्रेय कसं द्यावं, याचं एक जुनं उदाहरण निफाडच्याच माणसाचं आहे. निफाडला १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांचं ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ १९०० साली निघालं. त्यात बखरींवरचा एक लेख काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा आहे. तेलंग १८९३ मध्येच वारले होते. तरी लेखावर नाव त्यांचंच.

आता शाळेच्या संगणकात श्रेयाविना पडून असलेल्या जुन्या फायलींचं काय? श्रेय गाळलं की परवाना संपतो. पण त्याच्या चौथ्या आवृत्तीत सोय आहे: चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर तो आपोआप पुन्हा लागू होतो. तेव्हा मूळ गोष्ट शोधा, नावं घाला, आणि दुरुस्त केलेली प्रत त्याच ग्रुपवर पुन्हा टाका.