विसावा आणि जू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखरूप)



या व्याख्यानमालेसाठी आमच्याकडे विषय मागण्यात आला, तेव्हा आम्ही भीतभीतच कळविले की, ख्रिस्ती श्रद्धेने माणसाची चिंता हरते काय, यावर बोलण्याची इच्छा आहे. ज्या सभागृहात गणेशोत्सवाची आरती होते तेथे हा विषय कितपत शोभेल, अशी शंका आमच्याच मनात होती. कार्यकारिणीने ती एका वाक्यात निकालात काढली आणि ‘वेळ मात्र पाळा’ एवढीच अट घातली. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ती जाचक वाटू नये.

चिंता आपणां सर्वांच्या परिचयाची आहे, आणि घर सोडून दूर आलेल्या माणसाची चिंता तर दुहेरी असते. इकडे मुलाचे शिक्षण, तिकडे गावी एकट्या राहिलेल्या आईचे गुडघे. इकडे बदलीचा हुकूम, तिकडे भावकीत अडकलेली जमीन. कचेरीतील एखादे प्रकरण ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून खाली पाठविता येते, महिनोन्महिने प्रलंबितही ठेवता येते. मनातल्या प्रकरणांना ही सोय नाही. ती रात्री दोन वाजता आपण होऊन पुढ्यात येतात.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस ख्रिस्ताने कष्टाने आणि ओझ्याने थकलेल्यांना जवळ बोलावून विसाव्याचे आश्वासन दिले आहे. ख्रिस्ती घरांतून ते वचन चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. आमच्याही घरी होते. पण त्याला लागूनच पुढे, आपले जू मानेवर घ्या, असे तो सांगतो, आणि तो भाग पुष्कळदा चौकटीत मावत नाही. विसावा मागावयास आलेल्याच्या मानेवर जू! कोणाही शेतकऱ्याच्या पोराला विचारा. बैलाला विश्रांती द्यावयाची असते तेव्हा जू उतरवितात. या विसंगतीने आम्हांस तरुणपणी फार छळले. तिचा उलगडा भाष्यग्रंथांपेक्षा एका चरित्रात अधिक झाला. ते चरित्र पंडिता रमाबाईंचे.

आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नाव आले असेल. याच जुन्या मध्य प्रांतात, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ती कथा लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे घरोघरी पोचलेली आहे, आज ती बाजूस ठेवतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जननिंदेला न जुमानता पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर हिंडले. दक्षिणेतील दुष्काळात सोळासतरा वर्षांच्या रमाबाईंनी आईवडील आणि पाठोपाठ थोरली बहीण गमावली. भावासह पायी चालत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटले. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या बाईच्या कडेवर तेवढी लहानगी मनोरमा उरली. पुढच्याच वर्षी, इंग्लंडातील वाँटेज येथे, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर त्यांची चिंताही वाहून गेली असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. तसे झाले नाही. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी निर्भीडपणे कबूल केले आहे की, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. धर्मांतर म्हणजे नोंदवहीत नाव बदलणे, असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी या कबुलीचा विचार करावा. आम्ही स्वतः जन्माने ख्रिस्ती आहोत. आमच्यासारख्यांना तर ती अधिकच लागू पडते. नाव वारशाने मिळते. विसावा ज्याचा त्याला शोधावा लागतो.

तो मिळाल्यावर तरी दिवस सुखाचे आले काय? १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन एव्हाना पुण्यास आले होते. १८९३ साली तेथे धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. मुलगी परक्या घरी ठेवलेल्या कोणत्याही बापाने तेच केले असते. पण ज्यांच्यासाठी सारा खटाटोप मांडला त्यांनीच पाठ फिरवावी, हे दुःख लहान नव्हते.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला. येथे कथा आपल्या दारापर्यंत येते, कारण त्या दुष्काळाने हा मध्य प्रांत अक्षरशः होरपळून काढला. वर्तमान कळताच रमाबाई इकडे निघाल्या. सरकारी अन्नछत्रे आणि कामाच्या छावण्या त्यांनी स्वतः पाहिल्या. निराधार मुलींना फूस लावून नेणारी माणसे तेथे घिरट्या घालीत होती, हेही पाहिले. वीस वर्षांपूर्वीची आपलीच भूक त्यांना प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यावर दिसली असावी. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आपल्याबरोबर नेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढ्यांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगावच्या माळावर, शेतीसाठी घेतलेल्या जमिनीत, झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे ‘मुक्ती सदन’ झाले. १९०० साली तेथे पंधराशेवर माणसे होती.

शारदा सदनामागे अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांची हमी होती. दुष्काळातल्या या मुलींसाठी तशी कोणाचीच हमी नव्हती. आम्ही आयुष्यात पुष्कळ अंदाजपत्रके तयार केली आहेत. जमेची बाजू कोरी ठेवून खर्चाची बाजू भरणारा अधिकारी आमच्या पाहण्यात नाही, आणि असता तर त्याच्यावर ठपका आला असता. रमाबाईंनी मात्र ती कोरी बाजू प्रार्थनेवर सोपविली. यास कोणी बेफिकिरी म्हणेल. परंतु प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसविले, तेलाचा घाणा घातला, छापखाना काढून त्यावर मुलीच नेमल्या. ज्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत त्यांसाठी रात्रंदिवस राबावयाचे, आणि ज्या नाहीत त्यांसाठी जागरण करावयाचे नाही, असा तो निवाडा होता. आमच्या मते त्या वचनातील विसाव्याचा आणि जुवाचा संबंध हाच. चिंता माणसाला एकट्याने ओढावी लागते. जू दोघांच्या मानेवर असते.

हे सारे आम्ही पुस्तकी उत्साहाने सांगत आहोत, असे वाटू नये. इकडून गेलेल्या त्या मुलींत आमची पणजी होती.

तिचे वय तेव्हा आठ असावे. गावाचे नाव तिला सांगता येत नसे. नदी मोठी होती आणि काठी दगड पांढरे होते, एवढेच आठवे. मराठी ती केडगावी शिकली. म्हणजे ज्या भाषेच्या नात्याने आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत, ती आमच्या घरात दुष्काळाच्या वाटेने आली. छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम ती करीत असे. त्यामुळे अक्षरे तिने आधी उलटी ओळखली आणि मग सुलटी, असे घरात गमतीने सांगत.

आमच्या वडिलांनी तिला म्हातारपणी पाहिले. तिच्या खाटेखाली ज्वारीचे एक मडके असे. घरात पोती भरलेली असोत, ते मडके भरल्याखेरीज ती निजत नसे. रात्री ती घरातल्या एकेकाचे नाव घेऊन त्याची काळजी मोठ्याने देवाला सांगे. शेजाऱ्याची आजारी म्हैससुद्धा त्यातून सुटत नसे. मग वाकून मडके चाचपून पाही, आणि लगेच तिला गाढ झोप लागे. वडिलांनी एकदा विचारले, “आजी, देवावर एवढा भरवसा आहे, मग मडके कशाला?” ती म्हणाली, “देवासाठी नाही रे. ती आठ वर्षांची पोर अजून भिते, तिच्यासाठी आहे.” दारी कोणी भुकेला आला की पसाभर ज्वारी ती त्याच मडक्यातून घाली, पोत्यातून नव्हे. वडिलांना हे कधी उमगले नाही. आम्हांस थोडे थोडे उमगू लागले आहे.

दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही जबलपुरास आलो आणि या मंडळाचे सभासद झालो. अर्जात ‘मूळ गाव’ असा रकाना होता. लेखणी तेथे बराच वेळ थांबली. शेवटी ‘केडगाव, जिल्हा पुणे’ असे लिहिले. चिटणीसांनी काही विचारले नाही. अर्ज देऊन परतताना आम्ही गाडी ग्वारीघाटाकडे वळविली. नर्मदेची सांजआरती चालू होती. पायरीवर बसून वडिलांना फोन लावला. कोठून बोलतो आहोत ते सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “दगड पांढरे आहेत का रे?”