बाजरीचा केक, गुळाच्या गोडीचा

शिरूरच्या घरांत बाजरी असते, दौंडकडे गुऱ्हाळं आहेत. मग मुलांच्या डब्यात मैद्याचाच केक कशाला?

नुसत्या बाजरीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे केक भुसभुशीत होऊन मोडतो. म्हणून दीड वाटी कणीक आणि अर्धी वाटी बाजरीचं पीठ घ्या. पीठ मात्र ताजं दळलेलं हवं. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर कडवट होतं, आणि तो कडवटपणा गूळही झाकत नाही! पाऊण वाटी चिरलेला गूळ दीड वाटी आंबट ताकात विरघळवून गाळून घ्या, त्यात अर्धी वाटी तेल आणि दोन्ही पिठं घाला. खायचा सोडा एक छोटा चमचा, तोही शेवटी. ताकाच्या आंबटपणाने तो लगेच फसफसतो. मिश्रण तसंच ठेवलं तर केक बसलाच म्हणून समजा.

ओव्हन नाही? जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर झाकण. दहा मिनिटं तापवून आत मिश्रणाचं भांडं ठेवा. मंद आचेवर पाऊण तासाने सुरी खुपसून पाहा.

गूळ म्हणजेही साखरच, बरं का. सकाळी दुधासोबत एकच तुकडा.