भीमाबाईचं माहेर

मी शहापूरचा. शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं आंबेटेंभे हे बाबासाहेबांचं आजोळ. भीमाबाई तिथल्या मुरबाडकरांची लेक. बाप, चुलते पलटणीत सुभेदार-मेजर. त्यांचे हुद्दे चरित्रांत आले. आणि भीमाबाई? चौदा बाळंतपणं. चौदावं लेकरू भीमराव, १८९१ साली महूला. ते पाच-सहा वर्षांचं असताना साताऱ्यात ती गेली. बस्स, चार ओळींत बाई संपली!

बाबासाहेबांच्या आईची ही गत, मग आपल्या आयांची? मी बापाला विचारलं. पणजोबाचं नाव फाडकन सांगितलं, पणजीपाशी गप्प. सातबाऱ्यावरही ती नाही. शेवटी नव्वदीतल्या आत्यानं सांगितलं, ठकी.

दोस्तांनो, आजच घरी म्हाताऱ्यांना विचारा. नाव लिहून ठेवा. त्या गेल्या की दप्तर जळालंच समजा.