जन्मावरून गुन्हेगार!
(एका सभेंतील भाषण)



कायद्यापुढें सर्व सारखे, असा डंका इंग्रजी राज्यानें फार पिटला. पेशवाईच्या जाचांतून सुटलेल्या आमच्या लोकांस शाळेचें दार किलकिलें झालेलें दिसलें, तेव्हां त्यांनीं तो खरा मानला यांत नवल नाहीं. परंतु त्याच राज्याचा १८७१ चा २७ वा कायदा आज आम्ही आपणांपुढें उघडून ठेवणार आहों. त्याचें नांव गुन्हेगार जमातींचा कायदा.

त्याचे भाग दोन. पहिल्या भागाप्रमाणें सरकारनें एखादी जमात गुन्हेगार ठरविली कीं तिच्यांत जन्मलेल्यांचीं नांवें रजिस्टरांत चढत. मग हजेरी द्यावी आणि परवान्यावांचून हद्द ओलांडूं नये. चोरी कोणी केली हा सवालच नाहीं. तूं कोणाच्या पोटीं आलास एवढेंच पाहावयाचें! आणि त्या जाहीरनाम्यावर कोणत्याहि कोर्टानें शंका काढूं नये, असें कलमच घातलेलें. १८९७ च्या दुरुस्तीनें पोरें आईबापांपासून तोडून निराळीं कोंडण्याची सोय केली. १९११ च्या नव्या कायद्याखालीं आमचा मुंबई इलाखाहि आला, आणि सोलापुरास तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली.

दुसरा भाग हिजड्यांचा. रजिस्टरांत नांव चढलेला हिजडा लुगडें नेसून सडकेवर दिसला, नाचला किंवा गायला-वाजवूं लागला, तर त्यास वॉरंटावांचून धरावें व दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी. त्यानें मृत्युपत्र करूं नये, दान देऊं नये, दत्तक घेऊं नये. हा भाग १९११ पर्यंत कायद्याच्या पुस्तकांत होता.

भटका पारधी आणि हिजडा यांची मोट एकाच कायद्यांत कां बांधली? कारण सरकारच्या मनांतली भली रयत ठरलेली होती. ती एका गांवीं घर करून राहणारी, सारा भरणारी, पुरुष असेल तर साहेबाच्या कल्पनेसारखा पुरुष. त्या सांच्यांत जो बसेना त्याची जात, त्याचा देह व त्याची चालचलणूक हाच त्याचा अपराध ठरला. त्यास माणुसकीचे हक्क नाहींत, हजेरीचा नंबर आहे!

या कायद्याचें समर्थन करतांना सरकारपक्षानें सांगितलें कीं, या देशांत धंदा जातीनें चालतो. सुताराचा वंश सुतार, तसाच चोराचा वंश चोर. बंधूंनो, हें तत्त्व कोणत्या पोथींतलें? लंडनहून त्यांनीं काय आणलें असेल तें असो, पण पाया येथलाच, चातुर्वर्ण्याचा! मनूनें जें धर्म म्हणून सांगितलें त्यावर साहेबानें कायद्याचा शिक्का मारला. कायद्यानंतर दोनच वर्षांनीं, १८७३ सालीं, जोतीरावांनीं सत्यशोधक समाज स्थापून जन्मावरून उंचनीच ठरविण्याच्या मुळावरच घाव घातला. आणि शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं करवीर संस्थानांत महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली.

परंतु साहेबाकडे आणि भटाकडे बोट दाखवून आमची सुटका नाहीं. जमातीचा माणूस हद्दीबाहेर गेला तर वर्दी देण्याचें काम कायद्यानें गांवच्या पाटलाकडे दिलें होतें. तो पाटील बहुतेक गांवीं आमच्याच भाऊबंदांतला. आम्ही ब्राह्मणाला समतेचा जाब विचारीत होतों, आणि चावडीवर पारध्याची हजेरी घेत होतों!

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला; त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊं लागल्या. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. कागद बदलला. मन बदललें काय? आजहि गांवांत चोरी झाली कीं पहिली नजर पारध्याच्या पालावर जाते. तृतीयपंथीयाकडून आशीर्वाद हवा, पण आमच्या आळींत त्यास भाड्याची खोली नको!

म्हणून आमची विनंति एवढीच. गांवांत चोरी झाली तर पुराव्याविना कोणत्याहि जमातीचें नांव तोंडांतून काढूं नका. पालावरच्या पोराचा हात धरून त्यास शाळेंत बसवा, आणि तेथें कोणी त्यास दूर बसविलें तर त्याच्या बाजूनें उभे राहा. जन्माचा जुलूम आमच्यावर झाला तेव्हां आम्ही ओरडलों. तोच जुलूम आमच्या हातून होत असतां गप्प बसलों, तर सत्यशोधक म्हणविण्याचा अधिकार आम्हांस उरणार नाहीं.

सत्याचा जय असो!