हार वस्तादाची, संघ मालकाचा

(इंदापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंदापूर हा कुस्ती आणि कबड्डी जाणणारा तालुका आहे. उसाची बिले आणि उजनीचे पाणी हे येथले रोजचे प्रश्न. अशा ठिकाणी व्यावसायिक फुटबॉलच्या संघमालकांची चर्चा कशासाठी, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तिचे उत्तर असे की, मालकी हक्क म्हणजे प्रत्यक्षात काय, हे कारखान्याच्या ताळेबंदातून सहसा दिसत नाही. आकडे आणि कायद्याची भाषा यांच्याआड ते झाकले जाते. फुटबॉलच्या मैदानावर मात्र ते हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत उघडे पडते. संघ हरतो, मालक प्रशिक्षकाला घरी पाठवतो आणि दुसरा आणतो. प्रशिक्षक कोणाला जबाबदार, हे सर्वांना ठाऊक असते. त्याला नेमणारा कोणाला जबाबदार, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

पुण्याचा धडा

उदाहरणासाठी इंग्लंड-स्पेनपर्यंत जाण्याची गरज नाही; ते आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे फुटबॉल क्लब स्थापन केला. दोन वर्षांत हा संघ आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या देशातील सर्वोच्च स्पर्धेत पोहोचला. त्याची सूत्रे गोव्याचे डेरिक परेरा यांच्याकडे आली. हे प्रशिक्षक नवखे नव्हते. मुंबईच्या महिंद्र युनायटेडला त्यांनी २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. पुण्यातही त्यांनी चार हंगाम शांतपणे काम केले आणि २०१२-१३ मध्ये संघ देशात दुसरा आला.

या दोन संघांचे पुढे काय झाले? महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पुणे क्लबचा वरिष्ठ संघ २०१५ साली मोडीत निघाला. दोन्ही संघ मैदानावर हरून संपलेले नाहीत. एक विजेता झालेला, दुसरा उपविजेता झालेला. दोघांचाही निकाल मालकांच्या कचेरीत लागला. प्रशिक्षकाने यश दिले, की संघ टिकतो अशी सर्वसामान्य समजूत आहे. या एकाच माणसाच्या कारकिर्दीने ती दोनदा खोटी ठरवली.

पुण्याची कथा येथे संपत नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला, शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि गुंडाळला गेला. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या नावाशी जोडलेला शिवाजीयन्स संघ २०१७ साली स्पर्धेबाहेर पडला. पुढच्याच वर्षी ठेवीदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून मालकांना अटक झाली. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये होता. पाच हंगामांत त्याने सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले, हंगामी जबाबदारी सांभाळणारा वेगळाच. कोलोम्बा गेले, प्लॅट आले. प्लॅट गेले, हबास आले. पोपोविच यांनी २०१७-१८ मध्ये संघाला प्रथमच उपांत्य फेरीत नेले, तर पुढच्या हंगामाच्या आरंभी तेही तेथे नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या पोर्तुगाल यांना मोजक्याच सामन्यांनंतर निरोप मिळाला आणि फिल ब्राऊन आले. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाबरोबर खेळण्याची पद्धत बदलली आणि पसंतीचे खेळाडूही बदलले. दरवर्षी नवी नांगरट झाली. उगवलेले पीक राखायला कोणी थांबले नाही.

मग मालकांचाच पाया खचला. त्या घराण्याची दिवाण हाउसिंग ही वित्तसंस्था संकटात सापडली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. त्याआधीच पुणे सिटीचा कारभार आटोपला होता आणि स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली होती. २०१५ च्या आरंभी पुणे शहराचे तीन संघ देशातील वरच्या दोन स्पर्धांत होते. २०१९ संपताना एकही उरला नव्हता.

हैदराबादला गेलेल्या त्या जागेचा पुढचा प्रवासही बोलका आहे. तेथे स्पेनचे मानोलो मार्केझ यांना २०२० पासून तीन हंगाम सलग काम करू दिले गेले. पहिल्या वर्षी पाचवे स्थान, दुसऱ्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, विजेतेपद, तिसऱ्या वर्षी दुसरे स्थान. स्थैर्याचे फळ यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण. पण पुढे मालकांचे पैसे आटले, पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले आणि २०२३-२४ मध्ये तोच संघ तळाला गेला. मालकी पुन्हा बदलली आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला हलला. पुणे, हैदराबाद, दिल्ली! प्रत्येक गावात पोरांनी झेंडे शिवले, घोषणा रचल्या. त्यांना न विचारता संघ उठून गेला.

पाणाड्याचे श्रेय

मालक प्रशिक्षकाला इतक्या सहज का बदलतात, याचे आर्थिक कारण साधे आहे. पंचवीस खेळाडू बदलणे महाग पडते; एक माणूस बदलणे स्वस्त. शिवाय त्या एका माणसाच्या बडतर्फीने प्रेक्षकांचा राग शमतो आणि मालकाने काहीतरी केले असे दिसते. इंग्लंडमधील फुटबॉलचा अभ्यास करणारे स्टीफन शिमान्स्की यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ सांगत आले आहेत की, दीर्घ काळात संघाचे स्थान बहुतांशी खेळाडूंच्या वेतनावर होणाऱ्या खर्चावरून ठरते. म्हणजे ज्या गोष्टीमुळे संघ हरतो ती बहुधा मालकाच्या हातात असते, आणि शिक्षा होते ती प्रशिक्षकाला.

पण नवा प्रशिक्षक आल्यावर संघ जिंकू लागतो, हे डोळ्यांना दिसते त्याचे काय? येथे आपल्या भागातील पाणाड्याची आठवण करावी. दोन वर्षे पाऊस नसतो, विहीर आटते, शेतकरी जुन्या पाणाड्याला बोल लावून नवा बोलावतो. नारळ हातावर फिरतो, जागा ठरते. तोवर मृगाचा पाऊस पडतो आणि पाणी लागते. श्रेय नव्या पाणाड्याला मिळते. प्रशिक्षकाला काढले जाते तेच मुळी संघाची अवस्था सर्वांत वाईट असताना. तळ गाठलेली गोष्ट काही प्रमाणात आपोआप वर येतेच. संख्याशास्त्रात या प्रवृत्तीला सरासरीकडे परतणे म्हणतात. मालक ती स्वतःची दूरदृष्टी समजतो.

उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे आहे. एस्सेल समूहाच्या मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद खालिद जमील यांनी २००९ ते २०१६ सांभाळले. तुटपुंज्या साधनांत त्यांनी संघ कधी वर नेला नाही, पण खाली घसरूही दिला नाही. २०१६ मध्ये त्यांची सोबत संपली. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आला, आणि बंद झाला. त्याच हंगामात जमील मिझोरमच्या ऐझॉल संघाकडे होते. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळेच त्याला जागा परत मिळाली होती. तो ऐझॉल २०१६-१७ चा राष्ट्रीय विजेता ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील यांची भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. मुंबईत जो माणूस सात वर्षे सर्वांसमोर होता त्याची किंमत मुंबईच्या मालकांना कळली नाही.

आक्षेपांचा विचार

याला विरोधी पुरावा आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लंडनच्या चेल्सी क्लबचे मालक रोमन अब्रामोविच यांनी २००३ ते २०२२ या काळात प्रशिक्षक सतत बदलले. तरीही पाच वेळा इंग्लंडचे आणि दोनदा युरोपचे विजेतेपद त्यांच्याकडे आले. २०१२ आणि २०२१ या दोन्ही वर्षी युरोपीय विजय मिळाला तो हंगामाच्या मध्यावर आलेल्या नव्या प्रशिक्षकाच्या हातून. ज्याच्यापाशी अमर्याद पैसा आहे त्याला अस्थैर्य परवडते, एवढाच याचा अर्थ. पैशाचा झरा आटला की काय होते, ते पुण्याने आणि हैदराबादने पाहिले.

दुसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. मुंबई सिटी या संघात सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहाने २०१९ साली बहुसंख्य वाटा घेतला. लोबेरा यांनी २०२०-२१ मध्ये साखळीतील अव्वल स्थान आणि अंतिम चषक दोन्ही जिंकले. ते गेल्यावर बकिंगहॅम यांनी २०२२-२३ मध्ये पुन्हा अव्वल स्थान मिळवले, आणि त्यांच्यानंतर आलेल्या क्रातकी यांनी २०२३-२४ चा चषक आणला. तीन प्रशिक्षक झाले, यश मात्र तिघांच्याही हातून आले. याचे कारण खेळाचे ज्ञान एका व्यक्तीत नव्हते, संस्थेत होते. वस्ताद बदलला तरी तालीम तीच राहिली. तेव्हा 'भांडवलदार आला की संघ बुडतो' असा सोपा सिद्धान्त मांडता येणार नाही. नेमणूक जाणकारांनी करावी, आणि त्यांना वेळ मिळावा, हा नियम मालक कोणीही असला तरी लागू आहे. मात्र चांगला मालक मिळणे हा योगायोग आहे, आणि योगायोगावर संस्था उभ्या राहत नाहीत.

सभासदांचा संघ

योगायोगाला पर्याय आहे का? जर्मनीने तो शोधला. तेथे १९९८ मध्ये क्लबांना कंपनी स्थापन करण्याची मुभा दिली, पण मतांची निम्म्याहून अधिक सत्ता सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिली पाहिजे अशी अट घातली. अपवाद थोडे आहेत. फ्रायबुर्ग हा तर अजूनही सभासदांचाच क्लब. तेथे ख्रिस्तियान श्ट्राइख २०११ च्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक झाले. २०१५ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. खाजगी मालकाने त्यांना त्याच रात्री निरोप दिला असता. क्लबने त्यांना ठेवले. वर्षभरात संघ परत वर आला, आणि श्ट्राइख २०२४ पर्यंत त्या पदावर राहिले. सभासदांचे क्लब प्रशिक्षकांना काढतच नाहीत असे मात्र नाही. बायर्न म्युनिकनेही त्यांना वेळोवेळी घरी पाठवले आहे. फरक इतकाच की तेथे काढणाऱ्याला सभासदांपुढे उभे राहावे लागते, आणि क्लब कोणाच्या दिवाळखोरीबरोबर गाव सोडून जात नाही.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाते ते कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळे पेठांची आहेत. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले; पण आश्रयदाता गेला, १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी तालमी राहिल्या आणि त्यांच्या मातीतून फुटबॉलही वाढला. शाहू स्टेडियम आजही भरते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्याचा. पुण्यात कोट्यवधी ओतून जे पाच-दहा वर्षे टिकले नाही, ते येथे वर्गणीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकले. मात्र कोल्हापूरचे दोषही झाकू नयेत. पेठांच्या ईर्ष्येचे रूपांतर हाणामारीत होते आणि शास्त्रीय प्रशिक्षणाची उणीव आहे. राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धेत पाय रोवून उभा राहील असा संघ या तालमींतून घडलेला नाही. सामूहिक मालकीने आयुष्य दिले; यशासाठी लागणारे ज्ञान आणि साधने मात्र वेगळी मिळवावी लागतात.

आपल्यापुरता बोध

इंदापूरच्या श्रोत्यांना हा तिढा नवा नाही. वालचंदनगर हे एका उद्योगपतीने वसवलेले गाव आणि भवानीनगरचा सहकारी कारखाना, मालकीचे हे दोन्ही प्रकार याच तालुक्यात आहेत. सहकारात मालक सभासद असतो. पण पॅनेल बदलले की कार्यकारी संचालक बदलतो, त्याची लायकी न पाहता निष्ठा पाहिली जाते, आणि उतारा घसरला की खापर शेतकी अधिकाऱ्यावर फुटते, असे जेथे घडते तेथे सभासदांच्या नावावर एका खाजगी मालकाचेच राज्य चाललेले असते. मालकी कागदावर बदलून भागत नाही. जाब विचारण्याची सवय लागावी लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी आपल्या गावापासून सुरू कराव्यात. नगरपालिका किंवा जिल्हा परिषद मैदान अथवा अनुदान देते तेव्हा त्या क्रीडासंस्थेत खेळाडू आणि गावकरी यांना मताधिकार असलाच पाहिजे, अशी मागणी करावी. प्रशिक्षकाची नेमणूक खेळ जाणणाऱ्या समितीने, लेखी कराराने आणि किमान तीन वर्षांसाठी करावी. त्याचा पगार थकणे हा संस्थेचा पराभव मानावा. आणि ज्या मंडळांत, पतपेढ्यांत, शाळांत आपलीच माणसे पदावर आहेत, तेथे हाच नियम प्रथम स्वतःला लावावा. मुख्याध्यापक बदलण्याआधी वर्गांत शिक्षक पुरेसे आहेत का, हे संस्थाचालकांना विचारण्याचे धैर्य आपल्यात नसेल, तर संघमालकांवर टीका करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

पुण्याच्या बालेवाडी मैदानावर नारिंगी सदरे घालून ओरडणारी पोरे २०१९ नंतर कोठे गेली, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. त्या संघाच्या नावात पुणे होते. पण तो ठेवायचा की सोडायचा, हे ठरवताना पुण्यातल्या एकाही माणसाला मत नव्हते. पुढच्या वेळी गावाचे नाव कोणी मागायला आला, तर त्याला आधी सभासदनोंदणीची वही मागावी.