ठेंगणा गहू आणि जिरायत रान



ठेंगण्या गव्हाने देशाची भूक भागविली, हे आम्ही नाकारीत नाही. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आले. पुढे कल्याणसोना आणि सोनालिका या वाणांनी कोठारे भरली. या ठेंगणेपणाचे मूळ जपानच्या नोरिन १० या वाणात आहे. त्याचे बी १९४६ साली अमेरिकेत गेले व तेथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आले. उंच गहू खत वाढविताच लोळत असे. ठेंगणा ताठ उभा राही आणि काडीत जाणारे बळ ओंबीत उतरे.

परंतु ही कीर्ती पाटाच्या पाण्यावर मिळविलेली आहे. बेळगाव-धारवाडच्या काळ्या रानांत कोठे कोठे गहू आजही पावसाने मागे ठेविलेल्या ओलीवरच येतो. वरचा थर वाळला, की शेतकरी बी खोल पेरतो. ओल असेल तेथे दाणा पडावा, एवढाच त्याचा हिशेब. आणि येथेच घोडे पेंड खाते! नोरिनच्या दोन जनुकांमुळे रोप जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकास दाद देत नाही, म्हणून ताट आखूड राहते. तीच बधिरता कोंबावरील आवरणासही येते. हे आवरण म्हणजे कोवळ्या पानास मातीतून वर नेणारी म्यानच. ती अपुरी पडली, म्हणजे खोल पेरलेले बी रुजते खरे, पण पान मातीतच दुमडून जाते. उगवणच विरळ, तर ओंब्या कोठून मोजावयाच्या?

शिवाय कडक अवर्षणात ठेंगण्याचा वरचष्मा बहुधा उरत नाही. १९६५ सालचा सी ३०६ हा उंच वाण कोरडवाहू शेतीत दीर्घकाळ टिकला, तो उगाच नव्हे.

मग पुन्हा उंच गव्हाकडेच वळावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. जपानच्याच अकाकोमुगी वाणातील ठेंगणेपणाचे जनुक स्ट्रांपेल्ली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या गव्हात आणले होते. ते ताट आखूड करते, पण कोंबाचे आवरण तेवढे आखूड करीत नाही. कोरड्या रानासाठी वाण घडविणाऱ्या संशोधकांची नजर आता अशा जनुकांकडे वळली आहे. तोवर नव्या वाणाच्या उत्पन्नाचा आकडा कोणी पुढे केला, तर तो पाटाखालचा की जिरायतीतला, आणि बी किती खोल पेरले होते, हे आपण आधी विचारावे.