व्रण दिसला पाहिजे

(बोदवड येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मारहाण झालेली बाई आली की आपण तिचं म्हणणं लिहून घेतो, दवाखान्यात नेतो. फोटो मात्र घाईत काढतो. तो हललेला तरी असतो, नाहीतर फ्लॅशने चेहरा पांढराफटक झालेला. मग समोरचा वकील विचारतो, ‘कुठे आहे मार?’

कॅमेरा पुरुषांचा, हा समज जुनाच. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांनाच २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. आज मोबाइल आपल्या प्रत्येकीच्या हातात आहे. तो नीट चालवायला शिकू या.

आधी फोकस. चेहऱ्याचा फोटो असेल तर पडद्यावर डोळ्याला बोट लावा, व्रणाचा असेल तर व्रणाला. बोट थोडं दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस तिथेच टिकतो. कोपरं अंगाशी घ्या, भिंतीला टेका. फार जवळ गेलात तर चित्र धूसर येतं, एक पाऊल मागे या.

आता फ्लॅश. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथा हिस्साच उरतो. म्हणून अगदी जवळून चेहरा धुऊन निघतो आणि खोलीच्या त्या टोकाला उजेड पोचतच नाही. दिवसा फ्लॅश बंद ठेवा. खानदेशात उन्हाला तोटा नाही, पण अंगणातलं कडक ऊन नको. ओसरीच्या सावलीत, तोंड उजेडाकडे करून बसवा. रात्री फ्लॅश लागलाच तर दिवाही लावा, तीन-चार फुटांवरून काढा आणि एक फोटो थोडा तिरका घ्या, म्हणजे चमक व्रणावर येणार नाही.

मागे चुन्याची पांढरी भिंत असली की कॅमेरा फसतो, सावळा चेहरा आणखी काळा करतो. कोडॅक कंपनी रंग जुळवायला कित्येक वर्षं गोऱ्या बाईचंच ‘शर्ली कार्ड’ देत होती. तेव्हा दोष आपल्या रंगाचा नाही. भिंत बदला किंवा पडद्यावर उजेड वाढवा. आणि ‘ब्युटी’ आधी बंद करा. ती व्रणच पुसून टाकते!

एक फोटो पूर्ण बाईचा, एक मधल्या अंतरावरून, मग व्रणाचे दोन: एक नुसता, एक शेजारी मोजपट्टी ठेवून. एक-दोन दिवसांनी पुन्हा काढा, काही व्रण उशिरा उमटतात. मूळ फाइल जपा, व्हॉट्सअॅपवर गेलेल्या फोटोतला बारकावा कमी होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी फोटो कुणी, कधी, कोणत्या फोनवर काढला ते त्याच दिवशी लिहून ठेवा. फोटो आहे म्हणून डॉक्टरी तपासणी मात्र चुकवू नका.

शेवटचं. आधी तिला विचारा, फोटो कुणाला दाखवणार तेही सांगा. ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवा. तिच्या अंगावर आधीच कुणीतरी तिला न विचारता हात टाकलेला आहे.